ग्रेनेडाची चौकशी

शामराव पिदूरकर गेल्याची बातमी मला अकोल्यात ग्रेनेडाहून कळली. अकोल्याहून सकाळी निघालं तर माणूस जेवायला मारेगावात असतो, आणि ग्रेनेडा हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला. पण मारेगावात कोणाला मला फोन करायचं सुचलं नाही. तिकडे त्यांच्या मुलीला, वैशालीला, सुचलं. 'सर, बाबा गेले,' एवढंच तिनं मोबाइलवर लिहिलं होतं, आणि खाली, 'सकाळचा चहा पिऊन गेले.' मारेगावबाहेरच्या माणसाला हे दुसरं वाक्य नुसती माहिती वाटेल. मला ते वाचून रडू आलं, आणि मी काही सहज रडणाऱ्यांतला नाही.

शामराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मारेगावच्या स्टँडवर ज्या खिडकीवर 'चौकशी' असं रंगवलेलं होतं, तिच्यामागे त्यांची सगळी नोकरी गेली. खिडकीशी येणारे निम्मे लोक गाडीची वेळ विचारायचे. उरलेले स्थळाची चौकशी करायला यायचे. दोघांनाही शामराव एकाच सुरात उत्तर द्यायचे, लाउडस्पीकरवरून गाडी लागल्याचं सांगायच्या सुरात. घरीसुद्धा ते तसंच बोलत. "मीठ. भाजीत. कमी आहे," असं त्यांनी म्हटलं की शेजारच्या घरात बसलेला मी उगाच उठून उभा राहायचो.

त्यांची पद्धत साधी होती. मुलीचा बाप येऊन मुलाचं नाव-गाव सांगून जायचा. शामराव त्या गावच्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला गाठायचे. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी परतणारी. कंडक्टर ओट्यावर अंग टाकायच्या आधी दोन घरी पाणी प्यायचा आणि सकाळी तिकिटांच्या पैशांबरोबर खबर घेऊन यायचा. मुलगा पितो का, हे शामराव विचारत नसत. शेती किती, हे विचारत, पण उत्तर मनावर घेत नसत. त्यांचा खरा प्रश्न एकच होता. "पोरीचं अर्ध्या रात्री पोट दुखलं, त त्या घरात दार कोन उघडन?" ज्या कंडक्टरला याचं उत्तर देता येत नसे, त्याला पुन्हा त्याच मुक्कामाला पाठवलं जाई.

निकाल मात्र ते तोंडाने देत नसत. कोणाच्या घराबद्दल वाईट बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. चौकशी पुरी झाली की ते मुलीच्या घरी जाऊन बसत. समोर चहा येई. स्थळ चांगलं असेल तर ते चहा पीत. नसेल तर पीत नसत. पावसापाण्याच्या गप्पा करत, चहावर साय धरेपर्यंत बसत आणि उठून जात. चहा त्यांचा जीव की प्राण होता, त्यामुळे कप सोडून उठताना त्यांना होणारा त्रास खरा असे आणि लोकांचा त्यावर भरवसा बसे.

राजूरच्या कोळशाच्या ट्रकांवर वर आलेलं एक घर होतं. मारेगावच्या एका बापाला तिथे मुलगी द्यायचीच होती. त्यानं शामरावांसाठी म्हशीच्या निरशा दुधाचा चहा केला, त्यात वेलची घातली, वर जायफळ किसलं. शामरावांनी कपाकडे बराच वेळ पाहिलं, कापसावरच्या बोंडअळीबद्दल थोडं बोलले आणि उठले. लग्न मोडलं. तो बाप पुढे कितीतरी महिने वणीला जायचं असलं तरी स्टँडवर न येता काळीपिवळी जीपनं जाई. राजूरच्या त्या मुलाचं दुसरीकडे झालं आणि संसार उत्तम चालला आहे. शामरावांना हे कोणी ऐकवलं की ते म्हणत, चौकशी त्या दिवसाची असते.

माझ्या बाबतीत त्यांनी अर्धा कप प्यायला. मी तेव्हा मारेगावच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो आणि त्यांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. माझे होणारे सासरे पांढरकवड्याचे. त्यांनी शामरावांना घरी बोलावलं, शामरावांनी अर्धा चहा घेतला आणि कप खाली ठेवला. असा प्रकार पूर्वी झालेला नसल्यानं त्याचा अर्थ कोणालाच लावता येईना. शेवटी मुहूर्त जवळ आला म्हणून आमचं लग्न झालं. बायको अजून भांडणात त्या अर्ध्या कपाचा उल्लेख करते. मी एकदा शामरावांना धीर करून विचारलं, तर म्हणाले, "दार तुमी उघडान. पन उशिरा."

अशा माणसाच्या मुलीनं स्वतःचं स्वतः जमवलं आणि तेही जिथे एसटी जात नाही अशा ठिकाणी. वैशाली नागपूरला शिकून ग्रेनेडाच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. तिथल्याच केल्विन नावाच्या, मत्स्य खात्यात कारकुनी करणाऱ्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं. तिनं फोनवर सांगितलं. शामराव म्हणाले, बरं. मग वैशाली जे बोलली त्यानं सगळी गल्ली अडचणीत आली. ती म्हणाली, "बाबा, तुमी चहा प्याल तवाच करीन. नाही त नाही करत."

तिच्या जागी दुसरी असती तर पळून गेली असती आणि आम्ही सगळे सुटलो असतो. पण ती बापाची मुलगी होती. शामरावांनी त्या दिवसापासून स्वतःच्या घरातला चहा बंद केला. "चौकशी सुरू आहे," असं त्यांनी बायकोला, मंदाकाकूंना, जाहीर केलं. काकू रोज सकाळी नेमानं कप समोर ठेवायच्या, ते पेपर वाचायचे, आणि साय धरली की काकू स्वतःच तो पिऊन टाकायच्या. महिन्याभरात काकूंचं पित्त वाढलं.

चौकशीला मी कामाला लागलो, कारण इंग्रजी मला येतं अशी त्यांची समजूत होती. माझ्या कॉलेजातल्या जगाच्या नकाशात ग्रेनेडा सापडेना. जिथे असायला हवं तिथे नकाशा टांगायचा खिळा ठोकलेला होता. मोबाइलवर सापडलं. शामरावांनी आधी लांबी-रुंदी विचारली. मी सांगितली. ते मनाशी हिशेब करून म्हणाले, रुंदी म्हणजे इथून वणी, आणि लांबी म्हणजे वणीला जाऊन परत येता येता थोडं आधी उतरायचं. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. "म्हंजे तालुका झाला," ते म्हणाले. प्रधानमंत्री आहे, झेंडा आहे, संसद आहे, असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, डेपो आहे काय? लाल एसटीचा डेपो नव्हता. खाजगी छोट्या बस होत्या, जोरात गाणी लावून धावणाऱ्या, आणि उतरायचं असेल तर त्यांच्या पत्र्यावर थाप मारायची असते, हेही वाचून दाखवलं. ही ग्रेनेडाबद्दल त्यांना आवडलेली पहिली गोष्ट. घंटीच्या दोरीपेक्षा पत्रा बरा, दोरी तुटते, असं त्यांचं जुनं मत होतं.

मग आम्ही रोज संध्याकाळी ग्रेनेडा करू लागलो. डोंगराळ मुलूख, मधोमध विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात एक तळं. सहा विभाग, आणि कॅरियाकू वगैरे लहान बेटं वेगळी. शामरावांनी त्यांना सहा सर्कल आणि वाड्या म्हटलं. पीक जायफळाचं, इतकं की झेंड्यावर जायफळ.  राजूरच्या स्थळापायी सोडलेल्या चहातलं जायफळ त्यांना आठवलं असावं. मागं एका वादळानं जायफळाची झाडं मुळासकट लोळवली होती आणि निम्म्याहून अधिक घरांवरची छपरं नेली होती. त्यांनी लगेच वैशालीला फोन लावून विचारलं की पोराच्या घराचं छप्पर कशाचं आहे. पत्र्याचं, ती म्हणाली. खिळे ठोकले का नट-बोल्ट, त्यांनी विचारलं. तिला माहीत नव्हतं. माहीत करून घे, ते म्हणाले.

लोक कोण, हा प्रश्न येणारच होता. गल्लीतले सगळे तोच विचारत होते, म्हणजे जात विचारत होते, फक्त 'लोक' म्हणत होते. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची पोरंबाळं, हे मी सांगितलं. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांत राबायला हिंदुस्थानातूनही माणसं नेली होती, त्यांचीही थोडी घरं आहेत. शामरावांना क्षणभर आशा वाटली. केल्विन त्या घरातला नाही, हे वैशालीनं स्पष्ट केलं. "मंग कोनत्या घरातला?" ते म्हणाले. तिनं सांगितलं, आईच्या घरातला. बाप लहानपणीच त्रिनिदादला कामाला गेला तो तिकडेच राहिला. आई, मिस अग्नेस, बाजारात मसाले विकते, तिनंच वाढवलं. तिकडे पुष्कळ घरं अशी आईच्या आणि आजीच्या जिवावर चालतात. बाप आहे, पण घरात नाही, हे स्थळ मारेगावात कोणी आणलं असतं तर शामरावांनी कप हातातही धरला नसता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्या दिवशीची चौकशी तिथेच थांबवली.

त्यानंतर त्यांनी माझ्यावरचा विश्वास कमी केला. मोबाइलवर लिहिलेलं म्हणजे गावच्या पाटीवर लिहिलेलं, आत जाऊन आलेला माणूस पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शोधता शोधता वणीच्या एका जुन्या ड्रायव्हरचा पुतण्या मालवाहू जहाजावर निघाला. जहाज त्या भागात लागणार होतं. काही दिवसांनी त्याची खबर आली: समुद्र निळा आहे, पाव चांगला मिळतो, आणि लोक फ्रेंच बोलतात. शामराव हादरले. वैशालीनं तर इंग्रजी सांगितलं होतं. पोरगी भाषेबद्दल खोटं बोलते तर बाकी काय बोलत असेल, या विचारात त्यांनी जेवण कमी केलं. काकूंनी शेवटी तिला फोन केला, तेव्हा कळलं की जहाज मार्टिनिकला लागलं होतं. ते दुसरंच बेट, फ्रान्सचं. "बाबा," वैशाली म्हणाली, "पांढरकवड्याची चौकशी करून तुमी मारेगावले नाव ठेवून राह्यले." शामरावांनी आयुष्यभरात केलेली ही एकच चूक अशी होती की ती त्यांनी मान्य केली.

त्याच फोनवर तिनं दुसरी गोष्ट सांगितली. मिस अग्नेसही अजून हो म्हणालेली नाही. तिलाही चौकशी करायची आहे. ग्रेनेडात तिला कोणाचीही चौकशी करायला संध्याकाळ पुरते, कारण बसस्टँडच्या बाजूला तिचं मसाल्याचं दुकान आहे आणि सगळं बेट तिच्यासमोरून जातं. पण मारेगावात तिचं कोणी नाही.

हे ऐकून शामरावांनी वैशालीला सांगितलं, रविवारी मिस अग्नेसला मोबाइलवर समोर बसव. मग काकूंना म्हणाले, रविवारी चहा जरा मोठ्या कपात टाक.

रविवारी इथे संध्याकाळ होती आणि तिकडे सकाळ. टेबलावर पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवला होता. शामराव इस्त्रीच्या शर्टात. मिस अग्नेस चर्चला जायच्या तयारीत, डोक्यावर पांढरी टोपी. वैशालीनं तिला कपाची रीत समजावून दिली असणार, कारण तिच्यापुढेही कप होता. त्यात कोकोचं गरम पेय, पण तिकडे त्यालाही चहाच म्हणतात. दुभाष्या म्हणून मी. तिचं इंग्रजी मला अर्धं कळलं, आणि मी वर्गात शिकवतो ते तिला अजिबात कळलं नाही, तेव्हा मधल्या जागा वैशाली भरत होती.

मिस अग्नेसनं पहिला प्रश्न विचारला: तुमच्याकडून समुद्र किती लांब? शामराव म्हणाले, रात्रभर गाडीत बसायचं, सकाळी विचारायचं, तवाही आलेला नसते.  तिच्या बेटावर कोणत्याही टेकडीवर चढलं की समुद्र दिसतो. मग तिनं विचारलं, तुमच्याकडची माणसं मग बघतात कुठे?

मी हे भाषांतर करताना अडखळलो. शामराव अडखळले नाहीत. "वावराकडे," ते म्हणाले.

मग तिनं विचारलं की तुमच्याबद्दल मी कोणाला विचारू. शामराव म्हणाले, मलाच विचारा. आणि त्यांनी स्वतःची चौकशी स्वतःच सांगितली, त्याच लाउडस्पीकरच्या सुरात. स्वभाव हेकट. तंबाखूचा खर्रा खायचे, सोडला, पुन्हा धरला. बायकोला कधी सिनेमाला नेलं नाही. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, दुपारचे घोरतेत हेही सांगा. मी सांगितलं. मिस अग्नेसनं मान डोलावली, कप तसाच राहिला.

"आता माहा एक सवाल," शामराव म्हणाले. "पोरीचं अर्ध्या रात्री पोट दुखलं, त तुमच्या घरी दार कोन उघडते?"

मिस अग्नेसनं उत्तर लगेच दिलं. कोणी उघडत नाही, दार लावलेलंच नसतं. वादळात तिचं छप्पर गेलं त्या रात्री शेजारची तीन घरं तिच्या घराच्या एका खोलीत येऊन राहिली होती, कारण त्या एका खोलीवर पत्रा होता. तेव्हापासून तिनं कडी लावलेली नाही. मग तिनं तोच प्रश्न परत केला. आणि तुमच्याकडे?

"आमच्याकडे कडी लागते," शामराव म्हणाले. "पन पोरगी गेली तवापासून मले झोप नाही लागत. मी जागाच असतो."

हे मी भाषांतर केलं नाही. वैशालीनं केलं, आणि तिला ते पुरं करता आलं नाही.

शामरावांनी कप उचलला. चहा गार झाला होता, साय धरली होती. त्यांनी सायीसकट सगळा चहा संपवला आणि रिकामा कप मोबाइलपुढे धरून दाखवला. दारात, खिडकीत गल्ली उभी होती. मिस अग्नेसनं आपल्या कपाकडे पाहिलं, तो हळूच बाजूला सरकवला आणि म्हणाली, मी तिथे येऊन पिईन. आधी पाहते.

शामरावांना असं कोणी ताटकळत ठेवलेलं नव्हतं. ती येणार थंडीत, तोवर ते तसेच राहिले. वणीहून नवे कप आणले. घराला रंग दिला. मिस अग्नेसबाई मारेगावात काय पाहील याची यादी गल्लीतले लोक करायचे आणि ते एकेक खोडायचे. नाला दाखवू नका. स्टँड दाखवा, पण सकाळी. रात्री-बेरात्री माझ्या दारात येऊन विचारायचे, सर, समुद्र नाही हे तिनं मनावर त नसन घेतलं? पोरीचं लग्न एका न प्यायलेल्या कपावर अडलं होतं, आणि तो कप आपल्या हातात नाही, ही गोष्ट त्यांना सोसत नव्हती.

नागपूरच्या विमानतळावरून टॅक्सी करा, असं मी सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. पाव्हणी एसटीनंच आली पाहिजे. त्या दिवशी ते स्टँडवर सकाळपासून उभे होते, मीही होतो. वणीकडून गाडी आली. सगळे उतरले. वैशाली नाही, केल्विन नाही, मिस अग्नेस नाही. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "काका, तुमच्या इहीनबाई वावरात उतरल्या. पत्र्यावर थाप मारली, ड्रायव्हरनं थांबोली."

शामराव माझ्या स्कूटरवर मागे बसले.  गावाबाहेर रस्त्याच्या कडेला कापूस फुटलेलं वावर होतं, वेचणीच्या बाया काम सोडून उभ्या होत्या आणि मधोमध पांढरी टोपी घातलेली मिस अग्नेस कापूस वेचत होती. केल्विन पिशव्या धरून बांधावर. वैशालीनं सांगितलं, मिस अग्नेसची आजी कॅरियाकूची होती, तिथे पूर्वी कापूस व्हायचा, लहानपणी सुट्टीत तिनं आजीबरोबर वेचला आहे. शामराव तिच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत होते. एका ओढीत सगळं बोंड रिकामं, वाळकं पान एक सोबत येत नव्हतं.

वेचणीवाल्यांपैकी एका म्हातारीनं स्टीलच्या डब्यातला काळा चहा झाकणात ओतला आणि पाहुणीपुढे धरला. शामरावांच्या तोंडून शब्द निघणार होता. घरी नवे कप होते, दूध तापलेलं होतं. वैशालीनं त्यांची बाही धरली. मिस अग्नेसनं झाकणाकडे पाहिलं, मग शामरावांकडे पाहिलं, आणि प्यायली. घोट घोट, सगळा. मग झाकण उपडं करून दाखवलं.

शामराव बांधावर बसले.  "लय लोकायले बसोलं मी असं कपापुढं," ते मला म्हणाले. म्हातारीनं उरलेला चहा त्यांना दिला. मिस अग्नेस येऊन त्यांच्या बाजूला बसली, पाय पसरून.

त्याच महिन्यात माझी बदली अकोल्याला झाली, आणि लग्न नागपूरला झालं तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. त्यामुळे ते माझ्या डोळ्यांपुढे राहिले ते असे: बांधावर दोघं, दोघांचं तोंड एकाच दिशेला, वावराकडे. भाषांतराला कोणी हाक मारेना, म्हणून मी स्कूटरपाशी गेलो. तेवढ्यात मंदाकाकूंचा फोन आला, पाव्हणे कुठे अडकले, चहा टाकू काय.

मी म्हटलं, काकू, चहा झाला.

 मग त्यांनी हळूच विचारलं, "पुरा?"

"पुरा," मी म्हटलं.